सायलेन्सरवरची खूण

मी विमानं दुरुस्त करतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. भिवंडीतल्या आमच्या टेमघरात तर सुरुवातीला मी विमान चालवतोच असं समजून दोन-तीन चांगली स्थळं सांगून आली होती. खरी गोष्ट कळल्यावर ती आली तशी परत गेली. मुंबईतल्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात मी मेकॅनिक होतो. पुढे एक पंखा, त्यामागे एक इंजिन, आत दोन माणसं, अशी शिकाऊ पायलटांची विमानं. त्यातल्याच एका विमानाच्या सायलेन्सरवर माझ्या वडिलांनी एकदा पेन्सिलीनं खूण केली आणि ती मी पुसून टाकली. गोष्ट एवढीच आहे. ती सांगताना मला अजून मान वर करता येत नाही, म्हणून लिहून काढतो. लिहिताना मान तशीही खालीच असते.

बाबा जॉबर होते. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की तो ठीक करणाऱ्या माणसाला भिवंडीत जॉबर म्हणतात. निजामपुऱ्यात एका शेठच्या शेडमध्ये चोवीस लूम होते आणि त्या चोवीसांची सगळी दुखणी बाबांच्या अंगाखांद्यावर. चोवीस लूम एका छपराखाली चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला अर्धंच कळतं. म्हणून शेडमध्ये बोलण्याचा प्रश्नच नसायचा. बाबांच्या उजव्या कानावर सुताराची जाड पेन्सिल असायची. लूमच्या सांगाड्याला कुठे तडा दिसला, कुठला दाता झिजलेला दिसला, की फडक्यानं तेवढी जागा पुसायची, पेन्सिल काढायची आणि गोल करायचा. झालं बोलून. विणकर उत्तरेकडचा असो की तेलंगणातला, भाषा कुठलीही असो, तो गोल सगळ्यांना वाचता यायचा.

त्या गोलाचे दोन नियम होते. गोल दिसला की लूम बंद करायचा, मग त्यावर किती का मोठी ऑर्डर असेना. आणि ज्यानं खूण केली त्यानंच ती पुसायची, काम पुरं झाल्यावर, अंगठ्याला थुंकी लावून. दुसऱ्या कुणी पुसली तर ती पुसली असं धरत नसत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेठसुद्धा त्या गोलाला हात लावत नसे.

बाबांची ही सवय घरीही यायची. दाराच्या बिजागरीवर गोल, हापशाच्या दांड्यावर गोल. आईच्या पातेल्याला खालून बारीक भोक पडलं तर ते आईच्या आधी बाबांना दिसायचं आणि पातेलं चुलीवर चढायच्या आधी त्यावर गोल. आई वैतागायची. "तोंड दिलंय ना देवानं? सांगाचा की!" बाबा हसायचे. त्यांना सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं जायचं. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर माणसाला बोलण्याची फारशी भूक राहत नाही.

आयटीआय करून मी क्लबात लागलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. पहिल्या दिवशी माझ्याही कानावर पेन्सिल होती. बापाचा मुलगा दिसावं म्हणून मुद्दाम नव्हे, लहानपणापासून जॉबरची नक्कल करत आलो होतो, तीच अंगवळणी पडली होती. आमच्या हँगरचे मुख्य इंजिनिअर, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, त्यांनी ती माझ्या कानावरून काढली, सगळ्यांसमोर कटकन मोडली आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले.

मग समजावून सांगितलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर स्टेनलेस स्टीलचे असतात आणि उडताना ते लाल होईपर्यंत तापतात. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे कार्बन. तापलं की ते धातूत मुरतं, तेवढी जागा ठिसूळ होते आणि तिथून तडा जातो. जस्ताचा मुलामा असलेलं हत्यार घासलं तरी तेच. म्हणून एक्झॉस्टवर पेन्सिल नाही म्हणजे नाही. आणि तडा गेला तर काय? सायलेन्सरभोवती पत्र्याचं एक कवच असतं, त्यातून तापलेली हवा थंडीच्या दिवसांत पायलटच्या पायाशी सोडतात. सायलेन्सर तडकला की त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते, डोकं धरतं, आणि आपल्याला काही होतंय हे कळेपर्यंत कळण्याची शक्ती संपलेली असते.

मी सगळं ऐकलं, पण डोक्यात बसला तो मागे पिकलेला हशा. त्या दिवसापासून हँगरमध्ये माझं नाव 'पेन्सिल' पडलं. "पेन्सिल, पाना दे." "पेन्सिल, चहा सांग." हे दोन वर्षं चाललं. माझा स्वभाव आधीच तापट. वर वर हसायचो आणि आतून जळायचो. त्या नावात मला भिवंडी ऐकू यायची, लूमचं तेल, कापसाची कसपटं, बाबांचे काळे अंगठे, सगळं. आणि मला तेच झटकून टाकायचं होतं.

साहेबांनी एक्झॉस्टचा आणखी एक नियम शिकवला होता: पाहायच्या आधी पुसायचं नाही. धूर जिथून गळतो तिथे राखाडी-पांढरी भुकटी जमते, बोटाएवढी रेघ उमटते. तडा केसाएवढा असतो, तो दिसेल न दिसेल, पण ती भुकटी दिसते. साफसफाई आधी केली तर पाइप चकचकीत होतो आणि सांगणारा पुरावाच जातो. म्हणून आधी टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन सगळीकडे बघायचं, मग पुसायचं, मग पुन्हा बघायचं. हाही नियम मला तोंडपाठ होता.

बाबांना विमान जवळून बघायची फार हौस. ते कधी बोलले नाहीत, आईनं सांगितलं. एका डिसेंबरात रविवारी एक विमान तपासणीला होतं आणि सोमवारी ते उडवायचं होतं म्हणून आम्हा दोघा मेकॅनिकांना बोलावलं होतं. साहेब नव्हते. मी बाबांना घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, चपला पुसल्या होत्या. कानावर पेन्सिल होती. ती मला दिसली नाही, कारण जन्मापासून मी ती तिथेच बघत आलो होतो. आत शिरायच्या आधी "बाबा, पेन्सिल खिशात ठेवा" एवढं म्हणायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

इंजिनावरचं झाकण उघडलेलं होतं. मी प्लग काढत होतो. बाबा हात मागे बांधून इंजिनाभोवती हळूहळू फिरत होते, देवळात फिरावं तसे. माझ्या जोडीदार मेकॅनिकला त्यांचं कौतुक वाटलं असावं, तो त्यांना काय काय दाखवत होता. मग तो चहा आणायला वळला आणि बाबा सायलेन्सरजवळ वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मी पलीकडून बघितलं तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढली होती आणि पाइप सायलेन्सरला जिथे जोडलेला असतो तिथे, कवचाबाहेर राहणाऱ्या वेल्डिंगच्या कडेला, शांतपणे गोल करत होते.

मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही. "अहो, काय करताय! अक्कल आहे का काही? हा काय तुमचा लूम वाटला?" पूर्ण हँगरभर आवाज गेला. बाबा दचकून मागे सरले. जोडीदार हातात चहाची किटली घेऊन उभा. तो हसला आणि म्हणाला, "पेन्सिल, खानदानी आहे की रे तुमच्याकडे!" त्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाबांच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली, थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि तो गोल खसाखसा पुसला. गोलच नाही, अख्खा जोड पुसला, पाइप पुसला, सगळा चकचकीत केला.

फडक्यावर काळं आलं ते पेन्सिलीचं. त्या काळ्याच्या मधोमध राखाडी-पांढरी भुकटी होती.

ती मी पाहिली. इथे मी खोटं बोलणार नाही, खोटं बोलून झालंय माझं. पाहिली, ती काय हे मला माहीत होतं, आणि मी फडकं चुरगाळून पिंपात टाकलं. त्या क्षणी कवच काढून, आरसा लावून त्या जागी बघायला हवं होतं. पण बघितलं असतं आणि तिथे तडा निघाला असता, तर जोडीदारासमोर म्हणावं लागलं असतं की निजामपुऱ्याच्या जॉबरला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही. मी स्वतःची समजूत घातली: धूळ असेल. कागदावर एक्झॉस्टच्या रकान्यात 'तपासले, ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. पेन्सिलीचा नियम पाळला म्हणून उलट जरा अभिमानच वाटत होता.

बाबा दिवसभर हँगरबाहेरच्या बाकावर उन्हात बसून राहिले. चहा दिला तो घेतला. परतताना ठाण्याहून एसटीत बसल्यावर, कशेळीचा पूल गेल्यावर, ते पहिल्यांदा बोलले.

"तिथं कायतरी हाय रं. बघून घे."

"काही नव्हतं बाबा."

"पावडर व्हती."

"नव्हती. डोळे तपासून घ्या एकदा."

काल्हेर गेलं, पुढे भिवंडी आली, आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानावर नवी पेन्सिल होती.

तीन आठवड्यांनी, जानेवारीतल्या एका सकाळी, ते विमान नाशिकच्या बाजूला निघालं. आमचे एक वयस्कर प्रशिक्षक आणि विशीतली एक विद्यार्थिनी. घाटावर हवा कडक थंड होती, म्हणून त्यांनी हीटरची मूठ ओढली. मुंबईच्या विमानात ती मूठ वर्षभर कुणी ओढत नाही. थोड्या वेळात प्रशिक्षकांचं डोकं दुखायला लागलं, मग ते जड जिभेनं बोलायला लागले, मग बोलेनासेच झाले. त्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं हीटर बंद केला, खिडकी उघडली, तोंड बाहेरच्या वाऱ्याला लावलं आणि एकटीनं विमान वळवून आणलं. उतरल्यावर ती धावपट्टीच्या कडेला गवतात बसून ओकत होती. प्रशिक्षकांना उचलून बाहेर काढावं लागलं. दोन दिवस ते दवाखान्यात होते. वाचले.

साहेबांनी स्वतः सायलेन्सर उतरवला, कवच काढलं. वेल्डिंगच्या कडेनं कवचाखाली गेलेला बोटभर लांब तडा होता, आणि तो सुरू होत होता कुठे, तर बरोबर बाबांच्या गोलाच्या आत.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी काही बोलायच्या आतच जोडीदार म्हणाला, "साहेब, ह्याच्या वडिलांनी त्या दिवशी तिथंच पेन्सिल लावली होती. ह्यानं लगेच पुसली पण. थोडी राहिली असेल." तो मला वाचवायलाच बोलत होता. साहेबांनी तड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तिथेच?"

"हो साहेब, तिथेच," मी म्हणालो.

एक वाक्य राहिलं होतं: तडा आधीपासून होता, म्हणूनच त्यांनी तिथे खूण केली. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोललो असतो तर माझी सही खोटी ठरली असती, नोकरी गेली असती, पुढचं लायसन्सही गेलं असतं. मी मूग गिळून उभा राहिलो. पेन्सिलीमुळे तडा जातो हे साहेबांनीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. बाहेरच्या माणसाला हँगरमध्ये आणलं म्हणून मला चार दिवस घरी बसवलं आणि एक ताकीद दिली. एवढ्यावर मी सुटलो.

घरी बसलो तेव्हा बाबांनी विचारलं, ड्युटी का नाही. मला चूप बसता आलं असतं. सुट्टी आहे म्हणता आलं असतं. पण मी आतून इतका खवळलेला होतो, आणि स्वतःवर खवळायची हिंमत नव्हती, तेव्हा समोर जो होता त्याच्यावर गेलो. "तुमच्या पेन्सिलीमुळं," म्हणालो. सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, जेवढं साहेबांना सांगितलं होतं तेवढं. तिथे तडा नव्हता, तुम्ही पेन्सिल लावली म्हणून गेला, दोन माणसं मरता मरता वाचली.

बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "पोरगी हाय ना नीट?"

"आहे."

"आन तो म्हातारा मानूस?"

"तोही आहे."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. आई विचारत राहिली काय झालं, काय झालं. ते हात धुऊन जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि उठले.

त्या दिवसानंतर बाबा शेडमध्ये गेले नाहीत. आठवड्यानं शेठ स्वतः आमच्या घरी आले. निजामपुऱ्यातलं जुनं कोकणी मुसलमान घराणं त्यांचं. बाबा त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून शेडमध्ये. शेठ खुर्चीवर बसले, बाबा खाली. मी चहाचे कप घेऊन आलो.

"जॉबर, अरे लोखंडाला पेन्सिलनी काय होतंय?" शेठ म्हणाले. "माझे लूम काय आसमानात उडतात काय?"

"त्याची गोष्ट न्हाय शेठ," बाबा म्हणाले. "पेन्सिल सोडा. तिथं तडा नव्हता आन मना दिसला. पावडर दिसली मना, डोल्यांनी. आज नसलेला दिसला, उद्या असलेला दिसनार न्हाय. लूम तुटंल, कुनाचा हात जाईल. माजी नजर गेली शेठ."

शेठना ते पटेना. ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेला आहेस रे. खरं सांग, असं असतं का? तिथं काही नव्हतं?"

खरं सांगायचा हा दुसरा क्षण. साहेबांसमोर निदान नोकरीची भीती होती. इथे आमच्याच घरात, आमच्याच चटईवर, ज्याच्याकडून माझं काही बिघडणार नव्हतं अशा माणसानं सरळ विचारलं होतं, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना माझ्याकडून 'होतं' ऐकायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"नव्हतं," मी म्हणालो. "साहेब तसंच म्हणतात तिकडे."

शेठनी चहा संपवला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्या दिवशी मी काय खाल्लं ते मला माहीत आहे. शेण.

मग मी चांगला मुलगा व्हायला लागलो. बाबांना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली, बाबांनी घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर मी बघितली नाही, चष्म्याची गरजच नाही. मला वाटलं, चला, सुटलो, आता तरी हे परत जातील. बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "अक्षरं दिसतात रं. ती तर छापलेली असतात." त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मी दिलं नाही.

पुढे काल्हेरला खाडीलगतच्या शेतांत गोडाउनं उभी राहायला लागली. बाबांनी तिथे वॉचमनची ड्युटी धरली. खाकी शर्ट, हातात काठी, ट्रक आला की साखळी सोडायची, गेला की लावायची. चोवीस लूमचा आवाज ऐकून दुरूनच कुठला लूम आजारी आहे हे सांगणारा माणूस साखळी सोडत-लावत बसला. शेडमधले जुने विणकर भेटले की विचारायचे, "उस्ताद कब आएंगे?" मी म्हणायचो, वय झालं आता. वय अवघं छप्पन होतं.

मी मात्र वर चढत गेलो. परीक्षा दिल्या, लायसन्स मिळालं, साहेब निवृत्त झाल्यावर एक्झॉस्टच्या तपासणीवर शेवटची सही माझी व्हायला लागली. नव्या मुलांना मी शिकवायचो, पाहायच्या आधी पुसायचं नाही. फार कडक शिकवतो अशी माझी ख्याती होती. प्रत्येक सायलेन्सरवर मी दोनदा आरसा लावायचो. मुलांना ते कर्तव्य वाटायचं.

बाबांना सांगायचं मी दर वर्षी ठरवायचो. दिवाळीत ठरवायचो, गौरीत ठरवायचो. लग्न झाल्यावर ठरवलं, मुलगी झाल्यावर ठरवलं. जितका उशीर होत गेला तितकं ते अवघड होत गेलं, कारण आता तड्याबरोबर उशिराचाही हिशेब द्यावा लागणार होता. अशी आठ वर्षं गेली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शेठनी शेडमधले जुने लूम भंगारात काढले. त्यांनी निरोप पाठवला, भंगारवाला येण्याआधी जॉबरला एकदा बघून जाऊ दे. दुपारची वेळ होती, बाबांची ड्युटी चारला होती. मी त्यांना घेऊन निजामपुऱ्यात गेलो. शेठ दारातच भेटले, आता काठी घेऊन चालत होते. "आत जा," म्हणाले. "सतरा नंबर बघ. तुझी खूण तशीच आहे त्याच्यावर. नंतर आलेला जॉबर म्हणाला चालवा, पण एकही विणकर हात लावायला तयार होईना. खूण पुसायला तू आला नाहीस, लूम तसाच उभा राहिला. आम्ही त्याच्यावर सुताच्या कांड्यांच्या टोपल्या ठेवत होतो."

आत सगळे लूम बंद होते. मी ती शेड बंद अशी कधी पाहिलीच नव्हती. बाबा सतरा नंबरजवळ गेले, सांगाड्याच्या पायाशी वाकले, हातानं कसपटं बाजूला केली. हिरव्या रंगावर पेन्सिलीचा गोल होता, पुसट, पण पुरा.

ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

"तू बघ. हाय का तिथं कायतरी?"

म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर अजून त्यांचा विश्वास नव्हता. खिशात टॉर्च असतोच माझ्या. मी गुडघ्यावर बसलो, बघितलं. बोल्टच्या भोकापासून खाली चार बोटं, केसाएवढी तांबूस रेघ.

"आहे," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं. तडा आहे."

त्यांनी स्वतःच त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग उभे राहून छपराकडे बघत काहीतरी आठवायला लागले. "ही खून कवाची... तुजं विमान बघून आलो, त्याच्या चार दिसांनी. सतराचा विनकर गावाला गेला व्हता तवा, तो येईस्तवर काम ठेवलं व्हतं." कपाळाला आठी पडली. "विमानाच्या आदी नजर नीट व्हती. नंतर बी नीट व्हती. मंग त्याच दिशी कशी काय फसली?"

ते खरोखरच विचारत होते. त्यांच्या आवाजात संशयाचा मागमूसही नव्हता. अजूनही मी म्हणू शकलो असतो, होतं असं कधी कधी, आणि त्यांनी ते मानलंही असतं. तेच मला सहन झालं नाही.

"नव्हती फसली," मी म्हणालो. "त्या दिवशीही तिथं तडा होता. तुम्ही खूण केली त्याच्या आधीपासून."

बाबा माझ्याकडे वळले.

"तुना कवा कललं?"

"पुसताना. फडक्यावर पावडर आली तेव्हाच."

"म्हंजी शेठ आपल्या घरी आला व्हता, तवा तुना म्हाईत व्हतं?"

"हो."

"डाक्टरकडं नेलास तवा?"

"हो, बाबा."

मी वाट बघत होतो. त्यांनी मला शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, निदान शेठना हाक मारून सांगावं. त्यांनी अंगठा जिभेला लावला, वाकले आणि सतरा नंबरवरचा गोल पुसायला लागले. आठ वर्षांचा गोल, सहज जाईना. तीनदा थुंकी लावली, घासला, रंगावर नुसता ओला डाग राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, सदऱ्याला अंगठा पुसला आणि माझ्याकडे न बघता दाराकडे चालायला लागले.

दाराशी थांबून म्हणाले, "ती विमानावरची खून मी पुसली नव्हती रं."

शेडमध्ये एकही लूम चालू नव्हता, त्यामुळे मला ते नीट ऐकू आलं.